ऑर्फाच्या टेबलावरचा काळा गंज

डकेट्स रनमध्ये ऑर्फा स्टॉल्डरला आवडणारी माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातलीही तीन माणसं चर्चमागच्या दफनभूमीत झोपलेली आहेत. न आवडणाऱ्यांची यादी मात्र लांबलचक. त्या यादीत पाद्री आहे, कारण तो प्रार्थना लांबवतो. पोस्टमन आहे, कारण तो शिटी वाजवतो. आणि सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरात, तिचा धाकटा दीर व्हर्लिन स्टॉल्डर आहे. दोघांची घरं एकाच टेकडीच्या दोन अंगांना. मध्ये काटेरी तार. गेली नऊ वर्षं त्या तारेच्या आरपार विस्तव जात नाही.

भांडणाचं मूळ एका कागदात आहे. आमच्याकडे दुसऱ्याच्या रानात शिकार करायची तर मालकाच्या सहीचा कागद खिशात लागतो, मग तो मालक सख्खा भाऊ का असेना. ऑर्फाचा नवरा एमेट होता तोवर तो दर सप्टेंबरात व्हर्लिनला सही करून द्यायचा, वर कॉफी पाजायचा. एमेट गेला. पुरून आल्यावर माणसं ऑर्फाच्या स्वयंपाकघरात हॅम आणि बटाटे खात उभी होती, आणि व्हर्लिननं काळ्या कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढं धरला. म्हणाला, "तुझं मन ठिकाणावर नसेल, पण हंगाम तीन आठवड्यांवर आलाय."

ऑर्फानं कागद घेतला, वाचला, आणि कॉफीच्या भांड्याखालच्या जाळात घातला.

तेव्हापासून व्हर्लिनचं मचाण त्याच्या हद्दीतल्या अगदी शेवटच्या ओकवर आहे. तारेपासून चार हात. तोंड तिच्या रानाकडं. तो तिथं बसून तिच्या जमिनीवरची हरणं बघतो आणि ती तार ओलांडून यायची वाट पाहतो. म्हणतो, "त्या बाईच्या रानात हरणं म्हातारपणानं मरतात. पाप आहे."

आता टेबलाचं सांगायला हवं, कारण सगळा तमाशा त्या टेबलावरून झाला.

ऑर्फानं बावीस वर्षं नदीकाठच्या कुलुपांच्या कारखान्यात काढली. काम एकच. कुलुपाच्या पोटात खिळी आणि स्प्रिंग बसवायच्या. दिवसाला सहाशे पोटं. पुढंपुढं तर ती मान वर करून शेजारणीशी भांडत भांडत खिळी बसवायची, आणि बसवलेली खिळी कधी परत आली नाही. मग कारखाना समुद्रापलीकडं गेला, आणि ऑर्फा दुखरा अंगठा घेऊन घरी बसली. त्याच हिवाळ्यात एमेटच्या क्रॉसबोचा चाप अडकला. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखं खांद्याला लावायचं आडवं धनुष्य. दोरी मागं ओढून अडकवायची, बाण ठेवायचा, चाप दाबला की सुटला. एमेट तो क्रॉसबो शहरात न्यायला निघाला, तर हिनं त्याच्या हातातून काढून घेतला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर चापाची पेटी उघडली आणि आत बघून म्हणाली, "हे तर कुलूपच आहे. फक्त किल्लीच्या जागी बोट."

पंधरा मिनिटांत चाप चालला. एमेटनं ते सगळ्यांना सांगितलं. एमेटला काही पोटात ठेवता यायचं नाही.

एमेटच्या मागं लोवेल युट्झिंगरनं तिला आपल्या दुकानात जागा दिली. लोवेलचं दुकान पशुखाद्याचं. कुत्र्यांच्या खाद्याची पोती आणि गुरांनी चाटायचे मिठाचे ठोकळे यांच्यामध्ये, मागच्या खिडकीखाली, एक जुनं सुतारी टेबल होतं. त्यावर वस्तू आवळून धरणारा व्हाइस, दिवा, चिमटे, पातळ तेलाची सुईसारख्या तोंडाची बाटली. मंगळवार, गुरुवार, शनिवार ऑर्फा तिथं बसते. सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत तीन गावांतले पुरुष टोप्या हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहतात आणि शिव्या खातात. लोवेलला गिऱ्हाईक मिळतं. ऑर्फाला काय मिळतं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांना दिसतं. त्या टेबलाशिवाय ती टेकडीवरची एक खडूस विधवा आहे. टेबलापाशी बसली की तीच खडूस विधवा अशी होते, जिच्याशिवाय गावाचं अडतं.

आणि शिव्या काय साध्या असतात? गेल्या वर्षी शाळेतला गणिताचा मास्तर आला. पावसात भिजलेला क्रॉसबो, चाप गंजून घट्ट.

"कुठं ठेवला होतास?"

"त्याच्या केसमध्ये."

"आत स्पंज असतो ना? ओला क्रॉसबो, स्पंजाच्या कुशीत, वर चेन लावलेली?"

"हो, पण केस चांगली महागाची..."

"तू शिकारीहून आलास की ओल्या चड्डीसकट गादीत शिरतोस का रे?"

मास्तरनं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"ऐक, आणि तुझ्या त्या गणिती डोक्यात बसव. पावसातून आलास की आधी बाण काढायचा, दोरी सैल करायची. ताणलेला क्रॉसबो घरात आणलास तर मीच तुला गोळी घालीन. मग कोरड्या फडक्यानं पुसायचा. चापाचं तोंड खाली करून माणसं बसतात त्या खोलीत टांगायचा. शेगडीपाशी नाही, तिथं एकीकडनं भाजतो आणि दुसरीकडनं घाम धरतो. सकाळी चापाच्या काडीला पातळ तेलाचा एक थेंब. एक! दोन नाही. खटका दोनदा पुढंमागं. झालं. ते डबीतलं फवारायचं तेल पेटीत फुर्रफुर्र मारलंस तर आतलं मूळचं वंगण धुऊन जातं आणि धूळ चिकटते. एवढं तुझ्या पोरांनाही जमेल, म्हणून त्यांनाच करायला सांग."

मास्तरनं मान डोलावली, आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं की बाई राक्षसीण आहे. पण चाप चालला.

व्हर्लिनची तऱ्हा वेगळी. त्याच्या मते जगातली सगळी हरणं एकाच गोष्टीमुळं वाचतात, आणि ती म्हणजे त्यांना लांबून येणारा व्हर्लिन स्टॉल्डरचा वास. सप्टेंबर लागला की तो साबण सोडतो. खाण्याच्या सोड्यानं आंघोळ करतो, सोड्यानंच दात घासतो. बायको नोव्हा त्याची उशी गॅरेजमध्ये नेऊन टाकते. त्याच्याकडं एक निळी प्लॅस्टिकची पेटी आहे, झाकण घट्ट बसणारी. तीत ओकची ओली पानं, मूठभर माती आणि सफरचंदाच्या फोडी. शिकारीचे कपडे, बूट आणि क्रॉसबो सगळं त्या पेटीत. वर सोड्याच्या पाण्याचा फवारा. पेटी घरातही नाही, ट्रकच्या मागच्या भागात, म्हणजे नोव्हाच्या तळलेल्या कांद्याचा वास लागायला नको. रानाचा वास अंगाला मुरला पाहिजे, असं तो सांगतो. लोक ऐकतातही, कारण त्याच्या शेडच्या भिंतीवर एकतीस शिंगं टांगलेली आहेत. निम्मं गाव आता पानांत कपडे मुरवतं. रविवारी चर्चमध्ये कुजक्या सफरचंदाचा वास कुठल्या बाकांवरून येतो ते बघावं आणि ओळखून घ्यावं.

ऑगस्टमध्ये लोवेलनं तिच्या टेबलावर एक क्रॉसबो ठेवला. कुणाचा ते सांगितलं नाही. सोबत चिठ्ठी: चाप जड लागतो. वास येणारं तेल घालू नये.

ऑर्फानं चिठ्ठी हुंगली. "सोडा," म्हणाली. लोवेल छताकडं बघायला लागला. तिनं दोन दिवसांत काम केलं, पेटी बंद केली, क्रॉसबो लोवेलच्या हातात दिला, आणि विषय संपला.

संपला कुठला! नोव्हेंबरात आठ दिवस सलग पाऊस लागला. नराला मादीशिवाय काही सुचत नाही ते दिवस, शिकाऱ्याला घरी बसवत नाही ते दिवस. व्हर्लिन आठही दिवस मचाणावर. आठही दिवस क्रॉसबो भिजलेला, आठही रात्री पेटीतल्या पानांत. बुधवारी रात्री आभाळ फाकलं आणि गुरुवारी पहाटे गोठलेलं गवत काचेसारखं कडकडलं. त्या पहाटे बारा टोकांच्या शिंगांचा नर ऑर्फाच्या रानातून निघून, तार सावकाश ओलांडून, व्हर्लिनपासून वीस पावलांवर उभा राहिला. असा नर व्हर्लिननं साठ वर्षांत पाहिला नव्हता. त्यानं नेम धरला. चाप ओढला.

काही नाही.

पुन्हा ओढला. दोन बोटांनी ओढला. नरानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि वळून आला तसा ऑर्फाच्या रानात परत गेला. हे शेवटचं व्हर्लिनला सगळ्यात झोंबलं.

शनिवारी ऑर्फा दुकानात आली तेव्हा शेगडीभोवतीचं बोलणं तुटलं. शेगडीपाशी व्हर्लिन, हातात कॉफी. त्याच्या बाजूला म्हातारा एल्डन पिकन्स, जो खाद्य घेत नाही, काही घेत नाही, पण दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथंच असतो. आणखी पाचसहा जण, त्यांत तो गणिताचा मास्तरही. सगळ्यांचे डोळे पोत्यांवर.

"काय झालं? कोण मेलं?" ऑर्फा म्हणाली. "व्हर्लिन तर दिसतोय. म्हणजे वाईट बातमी नाही, आणि चांगलीही नाही."

लोवेल काउंटरमागून पुढं आला. लोवेल पंचेचाळिशीचा, मऊ माणूस, कुणाला नाही म्हणताना त्याचे कान लाल होतात. ते लाल होते.

"ऑर्फा, तुम्ही जरा बसा."

"मी कामाला आलेय. बसायचं आहेच."

"तेच बोलायचंय. व्हर्लिनचा चाप गुरुवारी... तुम्ही ऑगस्टमध्ये केलेला... आत सगळा गंज आहे म्हणे. तिघांनी काल आपापले क्रॉसबो परत नेले. म्हणतात, बाईनं दिराचा राग चापावर काढला, उद्या आमच्यावर काढेल."

"आणि?"

"व्हर्लिनचा जावई म्हणतोय की तो शिकलाय. इंटरनेटवर बघून. टेबल त्याला द्यावं का, असं मी..." लोवेलचे कान जळायला लागले. "मला धंदा करायचाय, ऑर्फा."

ऑर्फानं टेबलाकडं पाहिलं. दिवा तिनं परवा पुसून ठेवला होता. मग ती व्हर्लिनकडं वळली.

"क्रॉसबो कुठाय?"

"तुझ्या हातात परत देणार नाही," व्हर्लिन म्हणाला. "एकदा दिला तेवढं बास. जाणूनबुजून केलंस तू."

"जाणूनबुजून करायचं असतं तर तुझा बाण उलटा सुटला असता. घेऊन ये. इथं, सगळ्यांसमोर पेटी उघडते. माझं काही निघालं तर टेबल तुझ्या जावयाला घेऊन जाऊ दे, वर व्हाइसही उचलून देते."

"गरज नाही. मला ठाऊक आहे काय आहे ते."

"ठाऊक आहे म्हणूनच पाय लटपटतायत होय?"

एल्डन म्हातारा कॉफीत हसला. तेवढं पुरलं. व्हर्लिन तरातरा बाहेर गेला आणि ट्रकमधली निळी पेटीच उचलून आला. टेबलावर आदळली. झाकण उघडलं तशी दोन माणसं मागं सरकली. काळी पडलेली पानं, फोडींचा लगदा, आणि त्यात निजलेला क्रॉसबो, बाळंतिणीच्या कुशीत बाळ असावं तसा.

"अरे देवा," एल्डन म्हणाला. "या पेटीत नोव्हाला तर ठेवलं नाहीस ना? बरेच दिवस दिसली नाही."

"हा रानाचा वास आहे!" व्हर्लिन ओरडला.

"रान असं नासलं तर मी शहरात राहायला जाईन."

ऑर्फानं क्रॉसबो उचलला, दोरी सैल आहे ना ते पाहिलं, पानं झटकली, चापाची पेटी सोडवून व्हाइसमध्ये धरली. स्क्रू काढायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. माणसं पोत्यांवर चढून बघायला लागली. झाकण निघालं. आतून काळी चिकट धार तिच्या बोटांवर आली.

"बघा!" व्हर्लिन म्हणाला. "बघा काय घातलंय हिनं!"

ऑर्फानं बोट दिव्याखाली धरलं. मग एल्डनच्या नाकाखाली. "सांग, कशाचा वास येतो?"

"शाईसारखा. शाळेतल्या दौतीतल्या."

"शाईच आहे. पावसाच्या पाण्याचा गंज लाल असतो, सगळ्यांना माहीत आहे. हा काळा आहे. ओकचं पान आणि लोखंड ओलं ठेवलं की काळी शाई सुटते. माझी आई यातच लोकर रंगवायची, ओकच्या सालीत गंजके खिळे टाकून. व्हर्लिननं आठ रात्री या चापाला शाईत बुडवून ठेवलं. आणि हे पांढरं," तिनं चिमट्यानं एक खपली उचलली, "हे काय आहे ते त्याचे दात बघा, कळेल."

हशा झाला. व्हर्लिनची मान लाल झाली. "पूर्वी कधी झालं नाही असं!"

"पूर्वी तुझा क्रॉसबो लाकडाचा होता आणि चाप पितळेचा. हा पोलादी आहे, तीन वर्षांपूर्वी घेतलास. तेव्हापासून तू त्याला मुरांबा घालतोयस." तिनं चिमट्याचं टोक दोरी धरणाऱ्या आकड्यावर ठेवलं. "इकडं या सगळे. या आकड्याची धार गंजानं खाल्लीय. आणखी एक पावसाळी आठवडा, आणि हा चाप न ओढताच सुटला असता. मचाणावर चढताना. बाण कुठं गेला असता ते याच्या जावयाला इंटरनेटवर बघायला सांगा."

आता माणसं व्हर्लिनकडं बघत होती, आणि ज्यांच्या घरी पानांच्या पेट्या होत्या ती एकमेकांकडं बघत होती. लोवेलनं श्वास सोडला. "म्हणजे मग झालंच की. टेबलाचा प्रश्नच..."

"थांब," ऑर्फा म्हणाली.

तिचं चिमट्याचं टोक आणखी आत गेलं होतं, मधल्या जाड खिळीपाशी. सगळीकडं काळं, पण त्या खिळीभोवती पिवळट घट्ट ग्रीस होतं. तिचं स्वतःचं. ऑगस्टमधलं. ग्रीसखाली खिळी नव्यासारखी चकाकत होती. तिथं गंजाला शिरता आलं नव्हतं. तिनं चापाची काडी दाबली. जड, पण सरकली. शेगडी दहा पावलांवर होती, दुकान उबदार होतं.

गुरुवारी पहाटे उबदार नव्हतं.

हे कुणाला दिसलं नव्हतं. दिसलं असतं तरी कळलं नसतं. फडकं एकदा फिरवलं असतं तर ग्रीस गेलं असतं, आणि दहा मिनिटांत व्हर्लिन गावात हसं करून घेऊन घरी गेला असता. नऊ वर्षं ऑर्फानं यापेक्षा गोड काही मागितलं नव्हतं.

तिनं व्हाइस सैल केला, पेटी काढली, आतलं काळं पाणी फडक्यानं टिपून घेतलं, ग्रीसला हात न लावता, आणि ती मागच्या दारानं बाहेर गेली. पायरीवर पेटी ठेवून शेजारी बसली. बाहेर पाणी गोठत होतं.

"काय करतेय?" आतून कुणीतरी विचारलं.

"रागावली असेल."

"जिंकल्यावर कोण रागावतं?"

"ऑर्फा," एल्डन म्हणाला.

अर्धा तास झाला. ती नाक लाल करून आत आली, पेटी व्हाइसमध्ये लावली आणि व्हर्लिनला म्हणाली, "दाब."

व्हर्लिननं दाबलं. चाप हलला नाही. दोन बोटांनी दाबलं. हलला नाही.

"आता आत पाणी नाही, बर्फ नाही. गंज होता तेवढाच आहे, आणि आत्ता उबेत तो मला अडवत नव्हता. हे अडतंय ते या ग्रीसनं. गाडीच्या चाकाला घालतात ते. उन्हाळ्यात लोण्यासारखं, थंडीत मेणासारखं. इथं थेंबभर पातळ तेलच हवं. ते मला पेंगत असतानाही कळतं." तिनं चिमटा खाली ठेवला. "गंज व्हर्लिनचा. पण गुरुवारी चाप अडला तो माझ्यामुळं."



"ऐकलंत?" व्हर्लिन सगळ्यांकडं वळला. "ऐकलंत सगळ्यांनी? कबूल केलं हिनं! स्वतःच्या तोंडानं! बारा टोकं होती, लोवेल, बारा! मी म्हणालो नव्हतो की हिनं मुद्दाम..."

"मुद्दाम? अरे गाढवा, तुझी चिठ्ठी होती. वास येणारं तेल घालू नये! पातळ तेलाला वास येतो. या ग्रीसला येत नाही. मी म्हटलं असतं, तुझ्या नाकाचं मी बघत नाही, क्रॉसबो परत ने. तेच म्हणायला हवं होतं. पण मी म्हटलं, जाऊ दे, त्याच्या मनासारखं करू आणि डोळ्यांसमोरून घालवू." ती त्याच्याकडं बोट रोखून होती. "सदतीस वर्षं तुला ओळखते. एकदाच तुझं ऐकलं, व्हर्लिन स्टॉल्डर. एकदाच! आणि ही दशा."

एल्डननं हसू दाबायला टोपी तोंडावर धरली. व्हर्लिन जिंकला होता की हरला होता, हेच त्याला नीट ठरवता येईना.

लोवेल दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. "मग आता... म्हणजे टेबल..."

"ती म्हणाली ना, तिचं निघालं तर टेबल जावयाला," कुणीतरी म्हणालं.

"म्हणाले," ऑर्फा म्हणाली. आणि तिनं खरंच दिव्याची वायर भिंतीतून काढली. वायर ती हाताभोवती गुंडाळायला लागली, हळूहळू, कारखान्यात पाळी संपल्यावर गुंडाळायची तशी.

व्हर्लिन खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर आभाळ पुन्हा भरत होतं. तो नर अजून तिथंच होता, ऑर्फाच्या रानात, आणि नराचं डोकं फिरलेलं असतं ते दिवस आणखी चारपाचच उरले होते. शहरातला दुरुस्तीवाला दोन तासांवर, आणि नोव्हेंबरात तो तीन आठवड्यांनंतरची तारीख देतो. जावई कुठं होता? जावई घरी होता, आणि सासऱ्याच्या क्रॉसबोची पेटी उघडायला त्यानं गुरुवारीच नकार दिला होता. ते व्हर्लिननं दुकानात सांगितलं नव्हतं, पण नोव्हानं चर्चमधल्या बायकांना सांगितलं होतं, म्हणजे आता ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"दिवा काय काढतेस?" व्हर्लिन गुरगुरला. "उघडा टाकून चाललीस होय माझा चाप?"

"टेबल माझं नाही."

"मग माझा चाप काय मिठाच्या ठोकळ्यावर ठेवून करणार आहेस?"

"मी करणार आहे असं कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय!"

ऑर्फा वायर गुंडाळायची थांबली. "काय सांगतोयस?"

"कर म्हणतोय. तो आकडा बदल, काय बदलायचं ते बदल. सोमवारपर्यंत."

"कशानं करू?"

व्हर्लिन खिडकीकडं वळला.

"कशानं, व्हर्लिन?"

"तेलानं."

"कसल्या?"

एल्डननं कानामागं हात धरला.

"वास येणाऱ्या," व्हर्लिन म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

"वास येणाऱ्या, वास येणाऱ्या, वास येणाऱ्या! झालं समाधान? चेटकिणीसारखी आहेस तू. एमेटनं तुझ्याशी कसे दिवस काढले देव जाणे."

"त्याला गंज चढला नाही," ऑर्फा म्हणाली, आणि वायर सोडून तिनं दिवा पुन्हा लावला. "ती पेटी बाहेर ने. आणि पुन्हा क्रॉसबो त्यात दिसला तर त्यातच तुला मुरत घालीन, सफरचंदासकट."

व्हर्लिननं निळी पेटी उचलली, दारापर्यंत नेली, आणि दारातून वळून म्हणाला, "सहीच्या कागदाचं काय?"

"चालता हो."

तो गेला. मागोमाग मास्तर, मग आणखी एक, गाड्यांकडं निघाले. काल नेलेले क्रॉसबो परत आणायला असावेत. ऑर्फानं पातळ तेलाची बाटली हलवून बघितली, भिंगाचा चष्मा डोळ्यांवर ओढला, आणि खराब आकडा काढायला वाकली. लोवेल टेबलाच्या टोकाला, खिडकीसमोर, हात पोटावर धरून उभा होता. काहीतरी बोलायला हवं असं त्याला वाटत होतं. टेबल तुमचंच आहे, असं काहीतरी. किंवा चुकलं माझं, असं. त्याचे कान पुन्हा तापायला लागले.

"ऑर्फा," तो म्हणाला, "मी म्हणत होतो..."

"लोवेल, उजेड अडवतोयस," ऑर्फा मान वर न करता म्हणाली. "बाजूला हो."